जनरेटर घराला जोडताना: चेंजओव्हर, न्यूट्रल आणि पडणारा आरसीसीबी

सावकाश
नमस्कार मंडळी. ३ केव्हीएचा पेट्रोल जनरेटर घेऊन वर्ष झालं. लाइट गेली की मी तो अंगणात लावतो, खिडकीतून एक्स्टेंशनची वायर आत घेतो आणि तिच्यावर फ्रीज, दोन पंखे, एखादा दिवा असं चालवतो. वायरीत पाय अडकून सगळे पडून झाले. शिवाय अर्धा एचपीची पाण्याची मोटर थेट डीबीवर (घरातली वीज वाटणाऱ्या पेटीवर) जोडलेली आहे, तिला प्लगच नाही, त्यामुळे वीज असून पाणी नाही.

शेजाऱ्यांनी सोपा उपाय सांगितला: दोन्ही टोकांना प्लग लावलेली वायर करायची, एक टोक जनरेटरला, दुसरं घरातल्या कुठल्याही १६ अँपिअरच्या सॉकेटला. मेन स्विच आधी बंद करायचा. सगळं घर चालू! करू का? की चेंजओव्हर (कंपनीची वीज की जनरेटरची, ते निवडणारा स्विच) बसवावाच लागतो? आणि बसवायचाच तर कोणता?

खटका
नाही. ती वायर करू नका, आणि शेजाऱ्यांकडे असेल तर बघायलाही जाऊ नका.

दोन कारणं पटकन. जनरेटर चालू असताना घरातला प्लग कुणी उपटला किंवा नुसता निसटला, तर त्या उघड्या पिनांवर २३० व्होल्ट असतात. आणि मेन बंद करायचा विसरलात, तर तुमची वीज मीटरमधून उलटी बाहेर जाते.

दिवाभीत
मी सहा वर्षं हेच करतोय, आजवर काहीही झालेलं नाही. मेन बंद करायची सवय लागते. गाडी चालवताना ब्रेक दाबायचा विसरतो का आपण? उगाच घाबरवू नका लोकांना.

जुना_खांब
दिवाभीत साहेब, मी खांबावर आयुष्य काढलंय, आता निवृत्त आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

११ हजार व्होल्टची लाइन उतरवून तुम्हाला २३० देणारा ट्रान्सफॉर्मर उलट्या बाजूनेही तसाच चालतो. खालून २३० द्या, वर हजारो व्होल्ट निघतात. तो काही "ही जनरेटरची वीज आहे, वर चढवू नको" असं ओळखत नाही. वर काम करणाऱ्याने लाइन बंद करून घेतलेली असते, कागदावर आणि प्रत्यक्षातही. वीज येते ती खालून, कुणाच्या तरी घरातून.

तुम्हाला काही झालं नाही याचं कारण सांगतो. मेन चुकून चालू राहिला तरी बहुतेक वेळा अख्ख्या गल्लीचा लोड तुमच्या एवढ्याशा जनरेटरवर पडतो, तो गुदमरतो, बंद पडतो. तुम्हाला वाटतं जनरेटरच नाटकं करतोय. पण वादळात तार तुटून तुमचं घर आणि ट्रान्सफॉर्मर एवढेच एका तुकड्यात राहिले, तर लोड काहीच नाही. मग जनरेटर मजेत चालतो आणि वरची तार जिवंत राहते.

आम्ही काम सुरू करण्याआधी लाइन तपासतो, कामाच्या दोन्ही बाजूंना तारा एकमेकींना आणि जमिनीला जोडतो. ते यासाठीच. पण तुटलेली तार रस्त्यावर पडलेली असते तेव्हा तिथे आमच्याआधी शाळेतून येणारं पोर पोचतं. त्याच्याकडे टेस्टर नसतो.

आणि ब्रेकचं उदाहरण चुकलं. ब्रेक विसरलात तर लगेच कळतं.

दिवाभीत
शेवटच्या वाक्याला उत्तर नाही माझ्याकडे. वाचतोय.

निशिगंधा
सावकाश, मी पॅनेल बनवण्याच्या क्षेत्रात आहे, तुमच्या प्रश्नाला धरून लिहिते.

चेंजओव्हर म्हणजे एकच दांडा आणि तीन जागा: एक, शून्य, दोन. एकवर घर मेनला जोडलेलं, दोनवर जनरेटरला, शून्यावर कुणालाच नाही. आतली रचना अशी की पहिला संपर्क सुटल्याशिवाय दुसरा लागूच शकत नाही. तुम्ही झोपेत असा, अंधारात असा, घरात पाहुणा असो, दोन्ही एकदम लागणं शक्यच नाही. पैसे द्यायचे ते या एका गोष्टीसाठी. म्हणूनच दोन वेगवेगळे एमसीबी (जास्त करंट झाला की आपोआप पडणारे स्विच) शेजारी बसवून "एक वर असताना दुसरा वर करायचा नाही" असं पेनने लिहिलेलं बघितलं की माझ्या अंगावर काटा येतो. त्यात आणि दोन तोंडांच्या वायरीत फरक फक्त दिसण्याचा.

क्षमता ठरवताना जवळजवळ सगळे एक चूक करतात. जनरेटर १३ अँपिअरचा (३००० भागिले २३०), म्हणून १६ किंवा २५ अँपिअरचा स्विच आणतात. पण वर्षातले बहुतेक दिवस त्या स्विचमधून मेनची वीज जाणार असते! तुमचा मेन एमसीबी ४० अँपिअरचा असेल तर चेंजओव्हर किमान ४०चा, ६३चा घेतलात तर उत्तम. त्यावर आयईसी ६०९४७-३ (अशा स्विचचं आंतरराष्ट्रीय मानक) छापलेलं आहे का आणि एसी-२३ए या वर्गात तो किती अँपिअरचा आहे ते बघा. एसी-२३ए म्हणजे मोटरसारखा लोड तोडण्याची परीक्षा दिलेला. काही स्विचवर मोठा आकडा नुसता वाहून नेण्याचा असतो आणि एसी-२३एचा आकडा बारीक अक्षरात निम्माच असतो.

दुसरा मार्ग, आणि छोट्या जनरेटरला मला तोच आवडतो: अख्खं घर चेंजओव्हरवर न घेता फ्रीज, दिवे-पंखे आणि मोटर एवढीच सर्किटं एका लहान डीबीवर काढायची आणि तेवढ्यालाच चेंजओव्हर लावायचा. मग गीझर चुकूनही जनरेटरवर येत नाही.

पोल (म्हणजे स्विच एकदम किती तारा तोडतो): एक फेजच्या घराला दोन पोलचाच घ्या. फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (परतीची तार) दोन्ही बदलले पाहिजेत. "न्यूट्रल काय, तो सगळीकडे सारखाच" असं तुमचा वायरमन म्हणेल. म्हणू द्या, तुम्ही ऐकू नका.

जोडणी: बाहेरच्या भिंतीवर निळा औद्योगिक इनलेट बसवा, १६ अँपिअरचा पुरेल. निळा रंग २०० ते २५० व्होल्टसाठीच असतो. त्यात पिना भिंतीकडच्या भागात असतात आणि वीज घेऊन येणाऱ्या वायरीच्या टोकाला भोकं. म्हणजे चालू जनरेटरची वायर उपसली तरी हाताला लागेल असं जिवंत काही बाहेर राहत नाही. दोन तोंडांच्या वायरीत नेमकं उलटं असतं.

वायर २.५ चौरस मिमी तांब्याची. ३० मीटर अंतर असेल तर १३ अँपिअरला साधारण ७ व्होल्ट वाटेत जातात, ते चालतं. त्याहून लांब असेल तर ४ची घ्या, मोटर सुरू होताना फरक जाणवतो. अर्धा एचपीची मोटर चालताना ३-४ अँपिअर घेते, पण सुरू होतानाच्या क्षणी त्याच्या पाच ते सात पट ओढते. फ्रीज आणि मोटर एकदम सुरू होऊ देऊ नका.

आणि हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच. मीटर ते तुमचा मेन स्विच ही बाजू बंद करायला तुमच्या हातात काहीच नसतं. वीज पुरवणाऱ्या कंपनीला कळवावं लागतं का तेही त्यालाच विचारा.

कोरी_पाटी
धागा पळवत नाहीये, पण जवळचाच प्रश्न आहे. आमच्याकडे तीन फेज आहे आणि जनरेटर एक फेजचा, १० केव्हीए. चेंजओव्हर कसा?

खटका
चार पोलचा. मेनच्या बाजूला तीन फेज आणि न्यूट्रल, जनरेटरच्या बाजूला तिन्ही फेजच्या टर्मिनलांना एकच फेज लूप करून. घरातले सगळे एक फेजचे लोड चालतील.

तीन फेजची मोटर मात्र विसरा. तिन्ही तारांवर एकच फेज, म्हणजे दोन तारांमधला व्होल्टेज शून्य. मोटर हलणारसुद्धा नाही. तिला जनरेटरच्या वाटेतून काढूनच टाका.

निशिगंधा
खटका यांच्या उत्तरात एक भर. तीन फेजवर असताना न्यूट्रलमधून तिन्हींचा फक्त फरक वाहतो, कारण ते एकमेकांना खोडतात. तिन्हींवर एकच फेज दिलात की खोडणं संपलं, बेरीज सुरू. ३ केव्हीएला प्रश्न नाही, जनरेटरच १३ अँपिअरच्या वर देत नाही. पण १० केव्हीए म्हणजे ४३ अँपिअर, आणि ते सगळे एकाच न्यूट्रलमधून परतणार. चेंजओव्हर ते डीबी हा न्यूट्रल तेवढा जाड आहे का, हे आधी बघा.

चार पोलच्या स्विचमध्ये न्यूट्रल आधी जुळणारा आणि शेवटी सुटणारा असावा. मेनवर चालू असताना न्यूट्रल एकटाच सुटला तर एखाद्या फेजवरच्या टीव्हीला ४०० व्होल्टच्या आसपास मिळू शकतात. टीव्ही तक्रार करत नाही, सरळ जातो.

सावकाश
तीन आठवड्यांनी परत आलोय. सगळ्यांचे आभार, चेंजओव्हर बसला, इनलेट बसला, मोटर चालते. पण एक भुताटकी चालू आहे.

मीटरनंतर लगेच माझा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळतीचा करंट दिसला की वीज तोडणारा स्विच) आहे, त्यानंतर चेंजओव्हर, मग डीबी. लाइट जाते, मी जनरेटर लावतो, दांडा दोनवर, सगळं व्यवस्थित. लाइट येते (शेजारी उजेड दिसतो), दांडा एकवर आणतो, आणि घरात अंधार! बघतो तर आरसीसीबी पडलेला. वर केला की चालू. त्या दिवशी नुसते दिवे-पंखे होते तेव्हा पडला नव्हता. फ्रीज किंवा मोटर लावली की हमखास. इलेक्ट्रिशियन म्हणतो आरसीसीबी खराब आहे, बदला. बदलू का?

खटका
बदलू नका. आधी सांगा, चेंजओव्हर दोन पोलचाच आहे ना? आणि त्याच्या दोन्ही पोलना वायरी आहेत ना?

सावकाश
दोन पोलचाच आहे. मागच्या प्रतिसादातलं छापून दिलं होतं त्याला. थांबा, झाकण काढून घेतो त्याच्याकडून आणि फोटो बघून सांगतो.

...

एका पोलला काहीच नाही. मोकळा आहे. मेनचा, जनरेटरचा आणि घराचा असे तिन्ही न्यूट्रल खाली एका लिंकवर (तारा जोडायच्या पट्टीवर) एकत्र आवळलेत. वर म्हणतो "न्यूट्रल सगळीकडे सारखाच असतो".

निशिगंधा
😀 मी शब्द न् शब्द सांगितला होता.

आता भुताचं गणित बघा. तुमच्या जनरेटरचा न्यूट्रल आतून त्याच्या फ्रेमला जोडलेला असणार आणि फ्रेमला अर्थिंग केलेलं. जनरेटरवर असताना फेज थेट जनरेटरकडून येतो, आरसीसीबीचा त्याच्याशी संबंध नाही. पण परतीच्या करंटला दोन वाटा मिळतात. एक सरळ, न्यूट्रलच्या वायरीतून जनरेटरकडे. दुसरी चोरवाट: त्या लिंकवरून आरसीसीबीच्या न्यूट्रल पोलमधून मागे मीटरकडे, तिथून पुरवठ्याच्या न्यूट्रलमार्गे जमिनीत, आणि जमिनीतून जनरेटरच्या अर्थिंगमध्ये.

आकडे घाला. जनरेटर २० मीटरवर धरला तर २.५ची एक तार साधारण ०.१५ ओहमची. तिच्यातून १० अँपिअर गेले की दीड व्होल्ट पडतो. तोच दीड व्होल्ट चोरवाटेवरही लागतो. तिकडे जमिनीसकट ३० ओहम धरा: ५० मिलिअँपिअर. आरसीसीबीला दिसतं की न्यूट्रलमधून ५० मिलिअँपिअर जातायत आणि फेजमधून काहीच नाही. पडला. दिवे-पंखे मिळून २ अँपिअर असतील तर हाच हिशेब १० मिलिअँपिअरचा होतो. तेवढ्यावर ३०चा आरसीसीबी पडत नाही.

पडला तरी तुम्हाला कळत नाही, कारण घर त्या वेळी त्याच्यावर नसतंच. तास-दोन तासांनी मेनवर येता तेव्हा पत्ता लागतो. तुमचा आरसीसीबी अगदी ठणठणीत आहे. घरात प्रामाणिक तोच एकटा.

जुना_खांब
आणि माझ्या बाजूचं बोलायचं तर, त्या लिंकमुळे तुमचा न्यूट्रल अजून लाइनला जोडलेलाच आहे. फेज तोडलाय, नाळ तोडलेली नाही. जनरेटरमध्ये किंवा अर्थिंगमध्ये काही बिघडलं तर बाहेरच्या न्यूट्रलवर व्होल्टेज येऊ शकतं. दुरुस्त करून घ्या, उद्याच.

निशिगंधा
दुरुस्ती करताना आणखी एक करून घ्या. आत्ता जनरेटरवर असताना घरात आरसीसीबीचं संरक्षण शून्य आहे, कारण तो चेंजओव्हरच्या अलीकडे, मेनच्या बाजूला बसलाय. त्याला चेंजओव्हरच्या पुढे, डीबीच्या तोंडाशी न्या, म्हणजे दोन्ही पुरवठ्यांवर काम करेल.

त्याला एक अट आहे. जनरेटरचा न्यूट्रल अर्थला जोडलेला असला पाहिजे. काही छोट्या जनरेटरांचा न्यूट्रल तरंगता असतो, फ्रेमशी संबंधच नसतो. तिथे पहिली गळती झाली तर करंटला परतीची वाटच नाही, म्हणून आरसीसीबी पडत नाही. आणि इथे लोक फसतात ते टेस्टच्या बटणाला. ते बटण आरसीसीबीच्या आतल्या आत, एका बाजूचा फेज आणि दुसऱ्या बाजूचा न्यूट्रल एका रेझिस्टन्समधून जोडतं. जमिनीचा त्यात सहभागच नाही. न्यूट्रल तरंगता असला तरी बटण दाबल्यावर तो बाणेदारपणे पडणारच. खरी चाचणी आरसीडी टेस्टरने (आरसीसीबी तपासायच्या यंत्राने) फेज आणि अर्थ यांच्यामध्ये, जनरेटर चालू असताना, तीही इलेक्ट्रिशियनने करायची.

उन्हाळी
छतावर सोलर आहे, बॅटरीविना, ग्रिडला जोडलेलं. लाइट गेली की तेही बंद पडतं. जनरेटर लावला तर सोलर चालू होईल का? झालं तर पेट्रोल वाचेल असा विचार.

खटका
चालू होईल, हीच भीती. ग्रिड गेल्यावर साधारण दोन सेकंदांत स्वतःला तोडणं हे त्या इन्व्हर्टरचं कामच आहे. जनरेटरची वीज स्थिर असेल तर त्याला वाटतं ग्रिड परत आली. घरात लागते त्यापेक्षा जास्त तयार झाली की उरलेली तो ढकलतो, आणि ढकलायला समोर फक्त जनरेटर. त्याला वीज परत घेता येत नाही. व्होल्टेज चढतं, पुढचं काय जळेल ते नशीब. सोलरची जोडणी चेंजओव्हरच्या मेनकडच्या बाजूला ठेवा, घराच्या बाजूला नको. पेट्रोल जाऊ द्या.

दिवाभीत
मग ऑटोमॅटिकच का घेऊ नये? दांडाच नको.

निशिगंधा
घेता येतो, पण जनरेटर बटणावर सुरू होणारा हवा. दोरी ओढून आणि चोक धरून सुरू होणाऱ्यापुढे ऑटोमॅटिक काय करणार? तो मेन गेलेली ओळखतो, क्षणभराच्या झटक्याला फसू नये म्हणून काही सेकंद थांबतो, इंजिन सुरू करतो, व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी बसली की लोड टाकतो. मेन परत आली की लगेच उडी मारत नाही, थोडी वाट बघतो, मग लोड काढून इंजिन रिकामं चालवून थंड करतो.

घेतलात तर आयईसी ६०९४७-६-१चा घ्या. दोन कॉन्टॅक्टर (विजेने लागणारे-सुटणारे स्विच) शेजारी बसवून घरगुती बनवलेला असेल तर त्यांच्यात नुसतं वायरिंगचं नव्हे, यांत्रिक इंटरलॉकही (दोन्ही एकदम लागू न देणारी रचना) आहे का ते बघा. कॉन्टॅक्टरचे संपर्क कधीकधी वितळून चिकटतात. वायरिंगला वाटतं सुटला, प्रत्यक्षात चिकटलेला असतो.

सावकाश
झालं. दुसरा इलेक्ट्रिशियन आणला. न्यूट्रलची लिंक तोडली, दोन्ही पोल वापरात आले, आरसीसीबी पुढे नेला. आमचा जनरेटर जोडलेल्या न्यूट्रलचाच निघाला, आरसीडी टेस्टरवर नीट पडला.

झाकण उघडं असताना एक गोष्ट दिसली. जुन्या जोडणीत जनरेटरकडच्या फेजचं टर्मिनल ढिलं होतं आणि वायरीचं इन्सुलेशन बोटभर तपकिरी पडलेलं. तीन आठवड्यांत! तेवढा तुकडा कापून नवीन लग लावला.

मग त्याने चाचणी केली ती इथे लिहितो, कुणाला उपयोग होईल. मेन एमसीबी बंद, जनरेटर चालू, दांडा दोनवर, आणि मेनच्या बाजूच्या टर्मिनलांवर मल्टिमीटर: शून्य. मी माझा पेनटेस्टर पुढे केला तर म्हणाला तो खिशात ठेवा, तो शेजारच्या तारेच्या नुसत्या सावलीनेही मिणमिणतो, आणि कधी खरी वीज असून मिणमिणत नाही.

आता आमचा क्रम: डीबीवरचे एमसीबी खाली, जनरेटर सुरू, दोन-तीन मिनिटं रिकामा, दांडा दोनवर, मग एकेक एमसीबी, मोटर सगळ्यात शेवटी. परत येताना उलटं, आणि जनरेटर बंद करण्याआधी पुन्हा दोन मिनिटं रिकामा.

जुना_खांब
छान. जनरेटर ठेवलाय कुठे?

सावकाश
पायरीच्या आडोशाला. पाऊस लागत नाही तिथे.

जुना_खांब
खिडकी किती लांब?

सावकाश
दीड मीटर असेल. का?

जुना_खांब
धुराचा वास येतो तो कळतो, कार्बन मोनॉक्साइडला वास नाही. दार-खिडकीपासून किमान ६ मीटर, धूर घराच्या उलट दिशेला. पावसासाठी वर चारी बाजूंनी उघडं छप्पर करा. वायर थोडी लांबेल, वरचा व्होल्टेजचा हिशेब निशिगंधाताईंनी दिलाच आहे.

सावकाश
आजच हलवतो. इनलेटपासून २६ मीटर होतील, २.५च पुरेल.

दिवाभीत
आमच्याकडे परवा माणूस येतोय, दोन पोल, ६३ अँपिअर. न्यूट्रलचं मी त्याला आधीच सांगून ठेवलंय. तो म्हणाला, "न्यूट्रल सगळीकडे सारखाच असतो हो."

निशिगंधा
माणूस बदला.